वजनकाटा हलला नाही म्हणून जिम सोडू का?

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी बेळगावात वडगावला राहतो, वय ४३. मिस्टर बसवर ड्रायव्हर हायत, मी घरात शिवणकाम करतो. फेब्रुवारीत डॉक्टरनी शुगर बॉर्डरवर हाय म्हणून सांगितलं, तीन महिन्याची टेस्ट ६.१ आली, बीपी १३८/८८. व्यायाम करा म्हणाले. तेवढ्यात भाच्याचं लग्न ठरलं, निपाणीला, मेच्या शेवटी. म्हणून जिम लावली, महिना हजार रुपये. लग्नापर्यंत १० किलो उतरवायचं ठरवलं, लग्नातलं ब्लाऊज पण दोन इंच कमी मापाचं शिवून ठेवलं. तीन महिने झाले, ७४ चे ७३ झालेत फक्त. रोज दोनदा काट्यावर चढतो. जाऊ म्हणते, काय गे, पैसे भरून अजून तशीच दिसूलीस की. ट्रेनर म्हणतोय ३२०० ची फॅट कटर पावडर घ्या. मुलगी पीयूसी फर्स्टला (अकरावीला) हाय, दोन महिने झाले ती रात्रीचं जेवतच नाही, मम्मी तू डाएट करतेस मग मी पण म्हणते. परवा राजहंसगडाला गेलो, गाडी खाली लावून चालत वर गेलो, मधे बसावं लागलं नाही, मागच्या वर्षी दोनदा बसलो होतो, तेवढंच काय ते. जिम सोडू का? पैसे पाण्यात गेले असं वाटतंय."

सोडू नको गं. तुला सरळ तूच म्हणते, चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राजहंसगडाच्या ओळीवर थांबले. काटा, ब्लाऊज, जाऊ, पावडर यावर तू पानभर लिहिलंस आणि गडाचं एका ओळीत उरकून "तेवढंच काय ते" म्हणून टाकलंस. खरं मला विचारशील तर तुझ्या तीन महिन्यांचा सगळा हिशोब त्याच ओळीत आहे. मागच्या वर्षी ज्या चढाला दोनदा बसावं लागलं तोच चढ यंदा तू एका दमात गेलीस, वजन जवळजवळ तेवढंच असताना गेलीस, म्हणजे बदल कुठं झाला? आत झाला. हृदय एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त ढकलायला लागलं, मांड्यांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढल्या, ते रक्तातून ऑक्सिजन जास्त ओढून घ्यायला लागले. यातलं काहीच आरशात दिसत नाही, काट्यावर तर अजिबात नाही. जावेला कुठून दिसणार?

आता काटा का हलत नाही ते आधी सांगते, कारण तो प्रश्न डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही तुझ्या कानात शिरायचं नाही. अर्धा तास बऱ्यापैकी जोरात चाललं तर तुझ्या वजनाच्या बाईच्या साधारण १२० ते १५० कॅलरी जातात, आणि छोट्या वाटीभर कुंद्यात, म्हणजे आपल्या खव्याच्या मिठाईत, त्यापेक्षा जास्त परत येतात. एवढाच हिशोब आहे. नुसत्या व्यायामानं वजन थोडंच उतरतं, पटकन तर नाहीच, त्यात जिममधून आलं की भूक पण लागते आणि पहिल्या काही महिन्यांत थोडा स्नायू पण भरतो. रोजचं वजन तर मीठ, पाणी, पाळी, पोट साफ झालं की नाही यावर किलोभर इकडंतिकडं होतंच, दिवसातून दोनदा चढून तुला त्यात काय कळणार गं, फक्त दोनदा वाईट वाटणार.

मग व्यायाम कशासाठी? तुझ्या ६.१ साठी. तुझ्या १३८/८८ साठी. डॉक्टरनी तुला व्यायाम याच्यासाठी सांगितला होता आणि मधे लग्न आलं, तिथं गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली. ती तीन महिन्याची टेस्ट म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ती ५.७ ते ६.४ च्या मधे आली की मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ ला मधुमेह म्हणतात. म्हणजे तू अजून अलीकडच्या काठावर आहेस आणि मागं फिरता येतं.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, माझ्यावर आलंय. मी तिथून मागं फिरले नाही कारण मला कळलंच नाही. मी शाळेत गणित शिकवायचे, आयुष्यभर बारीक, ४८ किलोच्या वर कधी गेले नाही, सगळ्या बायका म्हणायच्या काय मेंटेन केलंय गं, आणि मला ते खरं वाटायचं. व्यायाम कधी केला नाही, करायची गरजच काय असं वाटायचं, व्यायाम जाड्या माणसांनी करायचा असतो अशीच माझी समजूत. ४६ व्या वर्षी शाळेत स्टाफची तपासणी झाली आणि उपाशीपोटी शुगर १४९ आली. शेजारची मॅडम म्हणाली मशीनच बिघडलं असणार, तुला कशी असेल. मी पण तसंच म्हणाले आणि दोन महिने परत टेस्टच केली नाही. दुसऱ्यांदा केली तेव्हा १५६. त्या दिवशी घरी येऊन वह्यांचा गठ्ठा समोर ठेवून मी बसून राहिले, एक पण तपासली नाही. बारीक असण्याचं एवढं कौतुक घेतलं होतं ना इतकी वर्षं, त्याचा राग आला मला.

नंतर समजलं की यात मी काही जगावेगळी नव्हते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला होता. उंची-वजनाच्या हिशोबानं, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. बघायला दोघं सडपातळ. आणि अंगातली चरबी मोजली तर युडकिनांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! दुपटीच्या वर. युडकिन मॅरेथॉन धावायचे आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती पकडणं, असं त्यांनी तिथंच लिहिलंय. आपल्या लोकांचं शरीर असं असतं, वरून बारीक आणि आत पोटाच्या भोवती, लिव्हरमध्ये चरबी. तू रोज बायकांची मापं घेतेस, तुला हे माझ्यापेक्षा बरं कळेल, ३६ च्या छातीच्या दोन बायका आल्या तरी दोघींना एकच ब्लाऊज बसत नाही. वजनाचं पण तसंच आहे, ४८ किलोची मी आजारी होते आणि ७३ किलोची तू गड चढून आलीस.

तुला सगळ्यात धीर येईल अशी गोष्ट चेन्नईची आहे. तिथं डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमनं ५३१ लोक घेतले, सगळे तुझ्यासारखे, शुगर बॉर्डरवरचे, आणि तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २००६ मध्ये त्याचा रिपोर्ट आला. ज्यांना नेहमीचाच सल्ला देऊन सोडलं होतं त्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज चालायला आणि खाण्यात थोडे बदल करायला लावून मागं लागून विचारत राहिले त्यांच्यात १०० पैकी ३९. आणि यातलं मला जे फार महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. काटा तिथल्या तिथं आणि तरी इतक्या जणांचा मधुमेह टळला. (वजन उतरलं तर फायदा अजून वाढतो हे पण खरं आहे, ते मी लपवत नाही, खरं ते उतरलं नाही म्हणून बाकीचं वाया गेलं असं नाही.)

हे होतं कसं ते पण सांगते, कारण कळलं की माणूस चिकटून राहतं. जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवायचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. एरवी त्या गोदामाचं दार उघडायला इन्सुलिन लागतं, आणि बॉर्डरवरच्या माणसात ती किल्ली नीट चालत नसते. स्नायू हलायला लागला की तो इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो, आणि व्यायाम थांबल्यावर पुढं एक-दोन दिवस त्याची किल्ली जरा बरी चालते. एक-दोन दिवसच. म्हणून सलग दोन दिवसांच्या वर खाडा करायचा नाही असं मी स्वतःला घालून घेतलंय, आणि म्हणूनच लग्न झालं की सोडणार असलीस तर तीन महिन्यांची कमाई जूनमध्येच आटायला लागेल. जे व्यायाम लग्नासाठी सुरू होतात ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बंद पडतात, मी किती जणींचं बघितलंय. साखरपुड्याला सुरू आणि पूजेला संपलं.

आता तुझ्या मिस्टरांचं. तू विचारलं नाहीस खरं ड्रायव्हर म्हणून लिहिलंस त्यामुळं राहवत नाही. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा पहिला मोठा अभ्यास बसवाल्यांवरच झाला होता. लंडनला डॉ. जेरी मॉरिस म्हणून होते, त्यांनी डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ मध्ये छापून आलं. दोघं एकाच कंपनीत, सारख्याच वस्तीतले, पगार साधारण सारखे. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं काढत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. हार्ट अटॅक कंडक्टरांना कमी, आणि त्यातून जाणारे तर फारच कमी. लोक म्हणाले, कंडक्टर मुळातच बारीक असतील म्हणून. तर मॉरिसनी काय केलं, कंपनी युनिफॉर्म शिवून द्यायची, त्या पँटच्या कमरेची मापं काढली! हे वाचून तुझी फार आठवण झाली मला. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या हे खरं, तरीपण बारीक घ्या, मध्यम घ्या की जाड घ्या, अचानक जाणारे कंडक्टरांमध्ये कमीच. कमरेच्या मापापेक्षा पायऱ्या जास्त कामाला आल्या. मिस्टरांना हे वाचून दाखव आणि ड्युटीवरून आले की त्यांना पण गल्लीत दोन फेऱ्या मारायला सोबत घे. तुम्हा दोघांचंही काम बसून आहे, तू मशीनवर आणि ते स्टेअरिंगवर.

मशीनवरून एक विचारायचं होतं, तुझं पायाचं मशीन आहे की मोटर बसवलीस? पूर्वी बायका दिवसभर पाय मारायच्या, मोटर आल्यावर पोटऱ्या हलायच्या पण बंद झाल्या. मोटर काढ म्हणत नाही, पोटापाण्याचं काम आहे, एवढंच कर की बॉबिन संपली की उठायचं. भरलेली बॉबिन हाताशी ठेवायचीच नाही, लांबच्या कपाटावर ठेवायची. उठायचं, दाराशी जाऊन यायचं, टाचा पंधरा वेळा वर-खाली करायच्या आणि मग बॉबिन घालायची. तासंतास एका जागी बसून राहणं हे वेगळंच दुखणं आहे, सकाळी एक तास जिम केली तरी ते पुरतं धुऊन निघेलच असं नाही.

बाकी व्यायामाचं माप म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय ते साधं आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायचं काम. मध्यम म्हणजे किती, तर चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळ नको, ॲप नको. पाच दिवस अर्धा तास झाला की दीडशे मिनिटं भरली, आणि तो अर्धा तास दहा-दहा मिनिटांत तोडला तरी चालतो. त्यातली दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर ठेव, आपल्याकडं दोन्ही वेळा भात, जेवणावर लगेच चाललं की शुगरची उडी कमी होते, हे मी माझ्या घरच्या मशीनवर कितीदा बघितलंय. सकाळी येळ्ळूर रोडला शेताकडनं जात असशील तर गाड्यांच्या समोरून चाल, पाठीमागून येणारी दिसत नाही. रविवारी मिस्टरांना सुट्टी मिळाली तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला ये, झाडी आहे, तिथं फिरणाऱ्या बायका बघून बरं वाटेल तुला.

तिथली एक गोष्ट सांगते. बारा वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा एक अक्का यायच्या, तेव्हा त्या ५६-५७ च्या असतील, अंगानं भरलेल्या, नऊवारी नाही पण चापूनचोपून नेसलेली साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मुलाचे जुने असावेत, एक नंबर मोठेच होते, पुढं कापूस घातलेला. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. गुडघे धरलेले. त्या बाकावर बसायच्या, दोन्ही हात छातीवर असे घडी करायच्या आणि हात न लावता उभ्या राहायच्या, मग सावकाश खाली बसायच्या, धपकन नाही, आणि मोठ्यानं मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु. पहिल्या महिन्यात तीनच व्हायचे आणि तिसऱ्याला बाकाला हात लागायचाच. आम्ही बघत उभ्या असलो तरी लाजायच्या नाहीत. पावसात छत्री बाकाला टेकवून करायच्या. दिवाळीपर्यंत दहा व्हायला लागले. आज त्या ६८ च्या आहेत, वजन माझ्या बघण्यात दोन किलो सुद्धा कमी झालं नसेल, साडीची घडी पण तशीच बसते, खरं सलग पंधरा करतात आणि मागच्या वर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नातवाला कडेवर घेऊन पायऱ्या चढल्या. मी बारीक, आणि मला त्यांच्यासोबत चालताना पहिली दोन वर्षं धाप लागायची.

तू तेच सुरू कर, आजपासून, शिवणाच्या खुर्चीवर. हात छातीवर, उठायचं, बसायचं. किती झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचं. दिवसातून दोनदा वजन लिहितेस तिथं हे लिही. शिवाय महिन्यातून एकदा गडावर जा आणि किती वेळ लागला ते लिही, सकाळी उठायच्या आधी नाडी मोज आणि लिही (जसजसा व्यायाम मुरतो तसे ठोके कमी होतात), झोप कशी लागली ते लिही, आणि पंधरा दिवसातून एकदा बीपी. नेमानं चालणाऱ्याचा वरचा आकडा साधारण पाच-एकनं उतरतो, तुझ्या १३८ ला ते फार मोठं आहे. तीन महिन्याची टेस्ट आता परत करायला झालीच आहे, ती लग्नाआधीच करून घे. माझी खात्री नाही की ती ५.७ च्या खाली येईलच, पहिल्या फेरीला इतकी येत नाही कधी कधी, खरं ६.१ वरून ५.९ आली तरी तो दहा किलोपेक्षा मोठा निकाल आहे असं समज.

कंबर टेपनं मोजायची असेल तर मोज, तो आकडा आरोग्याचा आहे, आपल्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात, पुरुषांना ९०. व्यायामानं वजन न उतरता पण आतली चरबी थोडी कमी होते आणि ते टेपवर कळतं. मात्र दोन महिन्यांतून एकदाच, आणि लग्न झाल्यावर. आणि पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम करून काही होत नाही, चरबी जागा बघून वितळत नाही, त्यासाठी तो ट्रेनर रोज शंभर क्रंचेस घालायला लावत असेल तर नको म्हणून सांग. त्यापेक्षा त्याच्याकडून बैठका, पाठीला ओढायचं मशीन, थोडं वजन उचलणं नीट शिकून घे, हजार रुपये त्यासाठी वसूल होतात. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी कमी कमी होत जातो आणि बायकांची पाळी जायच्या सुमाराला हाडं पण विरळ व्हायला लागतात, त्याला वजन उचलण्यासारखा उपाय नाही.

पावडर घेऊ नको. अजिबात. फॅट कटर म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच डब्यांत कॅफिनसारखी उत्तेजक द्रव्यं भरपूर असतात, त्यानं छाती धडधडते, झोप उडते आणि तुझं बीपी आधीच वरच्या काठावर आहे. बत्तीसशे रुपयांत चांगले बूट येतात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरानं पाय जरा फुगलेले असतात, तेव्हा बसलेला बूट सकाळी चावत नाही.

आणि चालताना किंवा जिममध्ये छातीत दाब आला, हाताला-जबड्याला कळ गेली, चक्कर आली तर "थोडं राहिलंय, पूर्ण करूया" म्हणायचं नाही, थांबायचं आणि डॉक्टरकडं जायचं.

आता लेकीचं. तुझ्या पत्रात सगळ्यात काळजीची गोष्ट हीच आहे आणि ती तू मधेच लिहून पुढं गेलीस, माझ्या मते तुला पण आतून ती टोचत असणार म्हणूनच लिहिलंस. १६ वर्षांची पोर दोन महिने रात्रीची उपाशी झोपते. या वयात हाडं भरत असतात, बहुतेक हाडांची भरती अठरा-वीसपर्यंतच होते आणि पुढं जन्मभर तीच शिल्लक वापरायची असते, वर दर महिन्याला रक्त जातं ते वेगळंच. तिनं तुझ्याकडून शुगर बघितली नाही गं, बीपी बघितलं नाही. तिनं काय बघितलं, तर मम्मी रोज दोनदा काट्यावर चढते आणि तोंड पाडून उतरते. काकी म्हणते तशीच दिसूलीस. तिला एवढंच कळलं की घरात बाईचं काय मोजतात.

तिला लेक्चर देऊ नको. आज रात्री तिच्यासोबत ताटावर बस आणि पोटभर जेव, तिच्या समोर, भात-आमटी जे असेल ते. काटा हॉलमधून उचल आणि माळ्यावर टाक, महिन्यातून एकदा काढला तरी खूप झालं. तिला खरं सांग की मला शुगर होऊ नये म्हणून मी व्यायाम करते, मधे मी चुकले, दहा किलोच्या मागं लागले. आईनं चुकले म्हटलं की पोरींना लवकर पटतं. आणि तिला सोबत ने, बारीक व्हायला नाही, गडावर. वर कोण आधी पोचतं बघूया म्हण. आपल्याकडं जत्रेला कुस्त्यांचं मैदान होतं तिथं ने एकदा, पैलवानाचं पोट सपाट आहे का म्हणून कोण विचारतंय? ढाक कसा मारला, दम किती आहे, हे बघतात. माझे वडील तालमीतले, जोर-बैठका मोजायचे, आरसा तालमीत नव्हताच, लाल माती आणि एक मारुतीची तसबीर. तुझ्या लेकीला त्यातलं थोडं तरी दिसू दे.

एवढं करून पण ती पंधरा दिवसांत जेवायला लागली नाही, पाळी तीन महिने चुकली, चक्कर येऊन पडली, जेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली, यातलं काही जरी दिसलं तर घरात समजावत बसायचं नाही, डॉक्टरकडं न्यायचं, आणि आपण तिथं तिच्या वजनावर एक शब्द बोलायचा नाही.

जावेचं मनावर घेऊ नको म्हणणार होते, खरं तसं म्हणून काही होत नाही, लागतंच. तिला वाईट बोलायचं नसेल पण कदाचित, आपल्याकडं बाई भेटली की आधी अंगाचंच बोलतात, वाळलीस की, सुटलीस की, दुसरं बोलायला सुचतच नाही. पुढच्या वेळी म्हणाली की तिला सांग, व्हय, दिसायला तशीच हाय, शुगर कमी करायला जातो मी, तू पण येतेस काय सकाळी? आली तर तुला सोबत मिळेल. सोबत असली की खाडे कमी होतात, मी बारा वर्षं गेले ते निम्मं त्या अक्कांमुळं.

जूनपासून आपल्याकडं पाऊस लागला की सगळ्यांचं फिरणं बंद पडतं, चार महिने. त्याची तयारी आत्ताच करून ठेव. घराचा जिना असेल तर जिना, नसेल तर आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीपर्यंत फेऱ्या, दहा मिनिटं सकाळी, दहा दुपारी, दहा रात्री. भिंतीला हात लावून जोर. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या हातात घेऊन उचलायच्या. सूर्यनमस्कार येत असतील तर ते, सावकाश घाल, कंबर दुखत असेल तर नको.

राहिलं ते ब्लाऊज. दोन इंच कमी शिवलंयस, खरं तू स्वतः शिवणारी, आत मार्जिन सोडल्याशिवाय शिवली नसणार, दोन्ही बाजूला इंच-इंच तरी असेलच. उद्या सकाळी बॉबिन बदलायला उठशील तेव्हा ते कपाटातून काढ, शिलाई उसव आणि आजच्या मापानं परत मार. मग निपाणीला लग्नात हात वर करून अक्षता टाकता येतील, आणि पंगतीत नीट श्वास घेऊन जेवता येईल, लेक शेजारी बसवून.